पुस्तकांच्या ओढीने रानात



खेड्यातून शहराकडे जाणारी वाट सदा रहदारीची असते. शिक्षणासाठी, नोकरीसाठी, औषधपाण्यासाठी आपल्या झाडीपट्टीतून माणसे नागपूरकडे व त्याही पलीकडे गेली आणि त्यांतील फार थोडी परतली. ह्याच्या उलट दिशेने, म्हणजे शहर सोडून रानात येणारी आणि येथे आयुष्याची पाटी कोरी करून पुन्हा पहिले अक्षर गिरवणारी माणसे विरळाच. तथापि आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात अशी माणसे गेल्या सत्तर-पंच्याहत्तर वर्षांत आली, राहिली आणि येथलीच झाली. त्यांच्या सेवेची वर्णने आपण पुष्कळ ऐकली आहेत. त्यांच्याविषयीची एक गोष्ट मात्र सहसा बोलली जात नाही. ह्या प्रत्येकाच्या नव्या संसारात पुस्तकाला मानाची जागा होती. कोणी पुस्तकाच्या ओढीने आले, कोणाला पुस्तकाने धीर दिला, आणि कोणी जे कोणत्याही पुस्तकात नव्हते ते लिहून ठेवण्यासाठी पुढचे सारे आयुष्य वेचले. प्रस्तुत लेखात ह्या पुस्तकप्रेमाचा थोडा इतिहास सांगण्याचा विचार आहे. कारण त्यात आपल्यासारख्या स्त्रियांनी लक्षात घ्यावे असे बरेच काही आहे.

आरंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुस्तकाची आवड बाहेरच्यांनी आपल्याकडे आणली असे नाही. श्रावणात व अधिक मासात पोथी लावण्याची चाल आपल्या खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. वाचणारा एक आणि ऐकणारे पन्नास, असा तो थाट असे. आणि त्या पन्नासांत ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा बायकाच अधिक असत. वंदनीय तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’ १९५५ साली प्रसिद्ध झाली आणि चिमूर-ब्रह्मपुरीच्या बाजूला ती घरोघर व भजनी मंडळांतून वाचली जाऊ लागली. म्हणजे ग्रंथाचा आदर येथे होताच. उणीव होती ती ग्रंथांची आणि ते वाचता येण्याची. रानात नव्याने आलेल्या माणसांचे पुस्तकप्रेम आणि येथला हा जुना श्रवणाचा संस्कार ह्यांची गाठ कशी पडली, हाच आपल्या कथेचा गाभा होय.

काळाच्या क्रमाने पाहू गेल्यास प्रथम वरोड्याच्या आनंदवनाकडे यावे लागते. मुरलीधर देवीदास आमटे हे वरोड्याचे वकील. शिकारीचा, मोटारीचा आणि इंग्रजी चित्रपटांचा षोक असलेला हा तरुण चित्रपटांवर इंग्रजीतून परीक्षणेही लिहीत असे. १८ डिसेंबर १९४६ रोजी नागपूरच्या घुले शास्त्र्यांच्या घरातील इंदू ही मुलगी त्यांची पत्नी झाली आणि साधना ह्या नावाने त्यांच्या घरी आली. घर सनातनी, शास्त्रीपंडितांचे. अशा घरातून आलेल्या मुलीच्या वाट्याला पुढे जे आयुष्य आले, त्याची कोणत्याही वडीलधाऱ्या माणसाने कल्पना केली नसेल.

पावसात रस्त्याच्या कडेला पडलेला तुळशीराम नावाचा महारोगी पाहून बाबा प्रथम घाबरून दूर गेले आणि त्या भीतीची लाज वाटून परत आले, ही हकिकत सर्वांना ठाऊक आहे. त्यापुढची हकिकत आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. पस्तिशीला आलेला, बायको व दोन लहान मुले असलेला हा वकील पुन्हा विद्यार्थी झाला. कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यकशाळेत जाऊन त्याने महारोगाच्या शास्त्राचा अभ्यास केला. सल्फोन वर्गाची औषधे त्या काळी नव्यानेच वापरात आली होती आणि हा रोग बरा होतो हे पुस्तके सांगू लागली होती. लोकांच्या मनातील भय मात्र जुनेच होते. १९४९ साली महारोगी सेवा समितीची स्थापना झाली आणि १९५१ च्या पावसाळ्याच्या तोंडाशी वरोड्याजवळच्या पन्नास एकर खडकाळ जमिनीवर हे कुटुंब राहावयास गेले. बरोबर सहा रोगी, एक लंगडी गाय आणि गाठीला चौदा रुपये.

येथे नव्याने सुरुवात करणारे केवळ आमटे कुटुंब नव्हते. ज्यांना घराने टाकले, गावाने वाळीत घातले, ज्यांचे नाव घेणेही नातलगांनी सोडले, ते सहा जणही आयुष्याचा दुसरा डाव मांडत होते. त्यांनी बोटे झडलेल्या हातांनी विहीर खोदली, जमीन वाहिती केली, भाजीपाला पिकवला. तो विकत घ्यावयास वरोड्याचे लोक प्रथम धजत नसत. पुढे ह्याच माणसांच्या श्रमातून १९६४ साली आनंद निकेतन महाविद्यालय उभे राहिले. ज्या समाजाने आपल्याला शाळेच्या दारातून परत पाठवले त्या समाजाच्या मुलांसाठी महारोग्यांनी महाविद्यालय बांधावे, ह्याहून विद्येचा मोठा सत्कार कोणता? वरोडा व भद्रावतीकडच्या किती तरी खेड्यांतील मुलांनी उच्च शिक्षणाची पहिली पायरी तेथेच चढली.

साधनाताईंनी पुढे ‘समिधा’ ह्या नावाने आपले आत्मचरित्र लिहिले. समिधा म्हणजे यज्ञात अर्पण करावयाच्या लहान काटक्या. यज्ञाच्या ज्वाळा सर्वांस दिसतात. समिधांची मोजदाद कोणी करीत नाही. त्या पुस्तकात साप-विंचवांचे रान आहे, रोग्यांच्या जखमा आहेत, मुलांची आबाळ आहे आणि कर्तबगार पण हट्टी पतीबरोबर चालताना लागणारी ठेचही आहे. मोठ्या कार्याच्या इतिहासात चूल कोणी पेटवली, पाणी कोणी भरले, आलागेला कोणी जेवू घातला, ह्याची नोंद सहसा होत नाही. साधनाताईंनी ती केली. त्या २०११ साली निवर्तल्या; पण आनंदवनाच्या आरंभाची स्त्रीच्या डोळ्यांनी पाहिलेली हकिकत त्यांच्या पुस्तकामुळे आपल्या हाती राहिली आहे. त्यांनी लेखणी हाती घेतली नसती तर ती त्यांच्याबरोबरच गेली असती.

आता थोडे वाट वाकडी करून आपल्या झाडीपट्टीच्या उत्तर टोकाला, नवेगाव बांधास जाऊ. तो भाग आज गोंदिया जिल्ह्यात मोडतो. परंतु रान, तळी, बोली आणि दंडार ह्यांचा विचार केला तर ते आपलेच आंगण होय. मारुती चितमपल्ली हे १९३२ साली सोलापुरात, गिरण्यांच्या त्या शहरात, जन्मले. कोइमतूरच्या वनविद्यालयात शिकून ते वनखात्यात रुजू झाले आणि पुढे नवेगावच्या जंगलात अनेक वर्षे राहिले. अधिकारी म्हणून आलेला हा गृहस्थ तेथे पुन्हा शिष्य झाला. नवेगावचे माधवराव पाटील डोंगरवार, तळ्यावरचे ढीवर आणि रानातले गोंड हे त्यांचे गुरू. पक्षी केव्हा येतो, कोणत्या झाडावर घरटे करतो, त्याला येथल्या बोलीत काय म्हणतात, हे सारे ते वहीत टिपीत गेले. नोकरी सांभाळून ते संस्कृत शिकले, ते एवढ्यासाठी की पशुपक्ष्यांविषयी आपल्या पूर्वजांनी काय लिहून ठेवले आहे ते मुळातून वाचता यावे. ‘मृगपक्षिशास्त्र’ हा जुना संस्कृत ग्रंथ मराठीत आणण्यात त्यांचा वाटा होता.

त्यातून ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘जंगलाचं देणं’, ‘रानवाटा’ ही पुस्तके झाली आणि ‘पक्षिकोश’ सिद्ध झाला. कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ आणि बगळ्या-करकोच्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’ हे शब्द मराठीला त्यांनी दिले. २००६ साली सोलापूरच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी १८ जून रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या आयुष्याकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. रानात पुस्तक घेऊन येणे सोपे आहे. रानाकडून शिकून त्याचे पुस्तक करणे, ही खरी तपश्चर्या. आणि ती करताना ज्याने शिकवले त्याचे नाव सांगण्याचा प्रांजळपणा हवा. चितमपल्ली तो पाळत असत.

आता पुन्हा दक्षिणेकडे, भामरागडच्या रानात येऊ. पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती ह्या नद्यांच्या संगमाजवळ हेमलकसा येथे २३ डिसेंबर १९७३ रोजी लोक बिरादरी प्रकल्पास आरंभ झाला. डॉ. प्रकाश आमटे शस्त्रक्रियाशास्त्राचे पुढचे शिक्षण अर्धवट टाकून आणि डॉ. मंदाकिनी आमटे भूलशास्त्राचे ज्ञान घेऊन तेथे आले. वीज नाही, रस्ता नाही, पावसाळ्यात महिनोन्‌महिने जगाशी संबंध नाही. परके माणूस पाहताच माडिया लोक झाडीत पळून जात. दवाखाना मांडला तरी रोगी येईना. येथे नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी प्रथम उपयोगी पडली नाही. प्रथम उपयोगी पडली ती माडिया भाषा, आणि ती शिकवणारे पुस्तक त्यांच्या हाताशी नव्हते. ती भाषा माणसांच्या तोंडूनच शिकावी लागली. पुढे रोगी येऊ लागले तेव्हा ना तज्ज्ञ होता, ना प्रयोगशाळा. जवळ होते ते शिकलेले ज्ञान, वैद्यकाची पुस्तके आणि मंदाकिनीताईंसारखी सोबत.

१९७६ साली तेथे शाळा सुरू झाली. माडिया बोलणाऱ्या मुलापुढे मराठी क्रमिक पुस्तक ठेवले म्हणजे काय होते, ह्याचा विचार शहरातील शिक्षणतज्ज्ञांनी क्वचितच केला असेल. अक्षर नवे, भाषा नवी, आणि पुस्तकातील आगगाडी, समुद्र, दुमजली घर हेही नवे. त्या मुलाला एकाच वेळी तीन परक्या गोष्टी शिकाव्या लागत. तरीही त्या शाळेतून शिक्षक निघाले, वनरक्षक निघाले, डॉक्टर निघाले. पुढे माडिया मुलांसाठी त्यांच्या भाषेचा आधार घेऊन वाचनसाहित्य तयार करण्याचे कामही तेथे झाले, हे विशेष समाधानाचे. घरातील बोली आणि शाळेतील पुस्तक ह्यांच्यातील अंतर जेवढे कमी, तेवढी वाचनाची गोडी लवकर लागते, हे आपल्या झाडीबोली बोलणाऱ्या घरांतील आयांनीही अनुभवले असेल.

ह्याच प्रकल्पात पुण्याचे विलास मनोहर आपला चालता उद्योग सोडून येऊन राहिले. रानातील प्राणी आणि माणसे पाहता पाहता ते लेखक झाले. ‘नेगल’ हे त्यांचे पुस्तक प्रकल्पातील प्राण्यांविषयी आहे. नेगल म्हणजे माडियात बिबळ्या. ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ ह्या कादंबरीत त्यांनी एका साध्या माडिया तरुणाच्या हाती बंदूक कशी येते हे दाखवले. आपल्या जिल्ह्याविषयी वर्तमानपत्रांतून येणाऱ्या बातम्या मृतांचे आकडे सांगतात. त्या आकड्यांमागचे घर, शेत आणि अपमान समजून घ्यावयाचे तर अशी पुस्तके वाचावी लागतात.

ह्या मालिकेतील चौथी कहाणी आपल्या माहेरवाशिणीची आहे, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगते. डॉ. राणी बंग ह्या चंद्रपूरच्या, माहेरच्या चारी. स्त्रीरोगशास्त्रात उच्च पदवी घेऊन त्या पती डॉ. अभय बंग ह्यांच्यासह अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेण्यास गेल्या. तेथे ग्रंथालये अफाट आणि संधीही अफाट. ते सारे मागे टाकून १९८६ साली हे दांपत्य गडचिरोलीस आले. जिल्हा निर्माण होऊन तेव्हा चारच वर्षे झाली होती. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून तो वेगळा निघाला होता. तेंदूपत्ता साठवण्याच्या एका गोदामात त्यांनी ‘सर्च’ संस्थेचे काम मांडले.

परदेशातील ग्रंथालयांतून त्यांनी जी विद्या आणली तिच्यात एक मोठे रिकामे पान होते. खेड्यातील स्त्रीच्या शरीराला बाळंतपणाखेरीज इतर कोणते रोग होतात, किती जणींना होतात, ह्याची गावपातळीवरची नीट पाहणी जगाच्या वैद्यकीय वाङ्मयात जवळजवळ नव्हतीच. इस्पितळात ज्या येतात त्यांची नोंद होते; ज्या लाजेने, गरिबीने, सासूच्या धाकाने घरातच कुढतात त्यांची नोंद कोण करणार? पांढरे पाणी जाणे, पाळीच्या वेळची वेदना, अंग बाहेर येणे, ह्या गोष्टी बायका पाणवठ्यावर एकमेकींना सांगत. डॉक्टरपुढे त्या उच्चारत नसत, आणि डॉक्टर पुरुष असेल तर तो प्रश्नच नव्हता.

गडचिरोली जिल्ह्यातील वसा आणि अमिर्झा ह्या दोन गावांत राणीताईंनी गावकऱ्यांना विश्वासात घेऊन स्त्रियांची तपासणी केली. एकूण ६५० स्त्रिया तपासल्या. त्यांपैकी शंभरात ९२ जणींना स्त्रीरोगविषयक एक ना एक व्याधी होती. सरासरी काढली तर एकेकीला तीनहून अधिक. आणि ह्यापूर्वी कधी तरी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया शंभरात केवळ ८. हा निबंध १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ ह्या विलायतेतील सुप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला. वसा आणि अमिर्झा ह्या गावांतील बायाबापड्यांचे मुके दुखणे अशा रीतीने जगाच्या पुस्तकात गेले. कुटुंबनियोजन आणि प्रसूती ह्यांपलीकडे स्त्रीचे स्वतःचे असे आरोग्य असते, हा विचार १९९४ च्या कैरो येथील जागतिक परिषदेत मान्य झाला. त्याला अशाच पाहण्यांचे बळ होते.

राणीताईंची दोन मराठी पुस्तके प्रत्येक महिला मंडळाच्या कपाटात असावीत अशी आहेत. ‘कानोसा’ ह्या पुस्तकात स्त्रियांनी आपल्या शरीराविषयी, संसाराविषयी, दुखण्याविषयी जे सांगितले ते आहे. ‘गोईण’ ह्या पुस्तकात झाडे आहेत. गोईण म्हणजे मैत्रीण, हे आपल्याकडे कोणास सांगावयास नको. कोणत्या झाडाची साल कशावर लावावी, कोणते फूल दुष्काळात पोट भरते, कोणत्या पानाचा काढा बाळंतिणीस द्यावा, कोणते झाड तोडू नये व का तोडू नये, हे ज्ञान ज्या बायांजवळ होते त्यांतील कित्येक निरक्षर होत्या. उच्चविद्याविभूषित डॉक्टरीण त्यांच्यापुढे वही घेऊन बसली. मोह, तेंदू, चार, आवळा ही झाडे आपण रोज पाहतो; त्यांच्याशी आपले नाते मैत्रिणीचे आहे हे त्या पुस्तकाने पहिल्यांदा छापून दाखवले. एका पुस्तकाच्या नावात ऐकणे आहे आणि दुसऱ्याच्या नावात मैत्री. रानात नवी सुरुवात करणाऱ्यास लागणारे दोन्ही गुण त्यांत आले.

पुढे धानोरा मार्गावर चातगावजवळ शोधग्राम वसले आणि १९९३ साली तेथे माँ दंतेश्वरी दवाखाना उभा राहिला. मोठ्या इमारतीचे व पांढऱ्या डगल्यांचे भय वाटते असे लोकांनी सांगितले, म्हणून दवाखाना झोपड्यांसारखा बांधला आणि देवीचे नाव दिले. तेथून गावोगावी आरोग्यदूत निघाल्या. ह्या बायका गावातल्याच, काही इयत्ता शिकलेल्या. बऱ्याच जणींनी लग्नानंतर पाटी-पेन्सिलीचा संबंध तोडलेला. त्यांच्या हाती पुन्हा वही आली. तान्ह्या बाळाचे वजन, श्वासाची गती, अंगाची ऊब, आईचे दूध हे सारे त्या लिहू लागल्या आणि धोक्याची खूण दिसताच शिकवल्याप्रमाणे उपचार करू लागल्या. ३९ गावांत हे काम झाले आणि नवजात बालकांचे मृत्यू शंभरात सुमारे ६२ ने कमी झाले. हा निष्कर्षही १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे घरोघर जाऊन नवजात बालकाची काळजी घेण्याची ही रीत देशभरातील ‘आशा’ कार्यकर्त्यांना शिकवण्यात आली. आज आपल्या गल्लीत येणारी आशाताई जी नोंदवही काखोटीस मारून फिरते, त्या वहीच्या इतिहासात गडचिरोलीच्या आरोग्यदूतांचे अक्षर आहे. विलायती ग्रंथांपेक्षा त्या वहीची थोरवी कमी आहे असे कोण म्हणेल?

पुस्तकाशी नाते जोडावयास वाचता येणे आवश्यकच आहे काय? ह्या प्रश्नाचे उत्तर धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ह्या गोंड गावाने दिले आहे. देवाजी तोफा आणि त्यांचे ग्रामस्थ ह्यांनी, चंद्रपूरचे सर्वोदयी कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल ह्यांच्या सोबतीने, तेथे अभ्यासगटाची रीत पाडली. निर्णय ग्रामसभेचा आणि तोही सर्वसहमतीने. पण निर्णयापूर्वी अभ्यास. जंगलाचा कायदा काय म्हणतो, आपला हक्क कोठवर, हे गावाने एकत्र बसून समजून घेतले. ज्याला वाचता येते तो वाचून दाखवी, बाकीचे ऐकत, शंका विचारत, वाद घालत. पोथी ऐकण्याचा जुना संस्कार येथे कायद्याच्या पुस्तकाला लागला. ग्रामसभेत स्त्रियाही बसत आणि बोलत. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर ह्या गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. मिलिंद बोकील ह्यांनी ‘गोष्ट मेंढा गावाची’ ह्या पुस्तकात हा इतिहास सांगितला आहे. मोहनभाऊ २०२५ च्या जानेवारीत गेले. अभ्यास करून मग बोलावे, ही त्यांची शिकवण मागे राहिली आहे.

ह्या सर्वांनंतर पुस्तकांच्या गावाची हकिकत सांगितल्याशिवाय विषय पुरा होणार नाही. विलायतेत वेल्सच्या सीमेवर हे-ऑन-वाय नावाचे लहानसे गाव आहे. १९६० नंतर रिचर्ड बूथ ह्या गृहस्थाने तेथे जुन्या पुस्तकांची दुकाने थाटली आणि ओसरत चाललेल्या त्या गावाला पुस्तकांनी नवा जन्म दिला. त्या धर्तीवर महाराष्ट्र शासनाने सातारा जिल्ह्यात पाचगणीजवळ भिलार येथे ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचे गाव’ सुरू केले. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या ह्या गावातील पंचवीस घरांनी व मंदिरांनी आपल्या खोल्या व ओसऱ्या पुस्तकांसाठी उघड्या केल्या. कोणीही यावे, बसावे आणि फुकट वाचावे. पुढे इतर भागांतही अशी गावे करण्याचे ठरले तेव्हा विदर्भातून नवेगाव बांधाची निवड झाली. चितमपल्लींनी ज्या तळ्याकाठी वह्या भरल्या तेच हे गाव, हा योग किती सुंदर! अलीकडे गडचिरोली पोलिसांनीही ‘एक गाव एक वाचनालय’ हा उपक्रम हाती घेऊन दुर्गम गावांत श्रमदानाने वाचनालये उभारण्यास मदत केली आहे.

ह्या गोष्टी आनंदाच्या आहेत. परंतु इमारत झाली म्हणजे वाचनालय झाले असे नव्हे. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. त्याखाली अ, ब, क, ड अशा वर्गांची ग्रंथालये गावोगावी झाली. त्यांतील काही नांदती आहेत. काहींचे कपाट उघडले तर पुस्तकांपेक्षा वाळवीच अधिक. बरे, जी नांदती आहेत तेथेही बाकावर बसून वर्तमानपत्र वाचणारे बहुधा पुरुषच असतात. संध्याकाळच्या ज्या वेळी वाचनालय उघडते त्याच वेळी आपल्या घरी चूल पेटलेली असते. २०११ च्या शिरगणतीत गडचिरोली जिल्ह्यातील साक्षर स्त्रियांचे प्रमाण शंभरात सुमारे ६६ होते, पुरुषांचे ८२. अक्षर शिकलेल्या त्या ६६ पैकी शाळा सुटल्यानंतर पुन्हा पुस्तक हाती धरलेल्या किती, ह्याची गणती कोणी केलेली नाही. ती आपण आपल्या गल्लीपुरती मनाशी करून पाहावी.

म्हणून वर्धापनदिनाच्या निमित्ताने तीन लहान सूचना मंडळापुढे ठेवते. पहिली, मंडळाचे एक पुस्तकांचे कपाट असावे आणि ते दुपारी, म्हणजे बायकांना सवड असते त्या वेळी, उघडावे. त्यात ‘समिधा’, ‘कानोसा’, ‘गोईण’, ‘रानवाटा’, ‘गोष्ट मेंढा गावाची’ ही आपल्या मुलखाची पुस्तके प्रथम यावीत. दुसरी, आठवड्यातून एकदा एकीने वाचावे व इतरांनी ऐकावे. ज्यांना वाचता येत नाही त्या म्हाताऱ्या बायांना आग्रहाने बोलवावे. पोथी ऐकण्याची त्यांची सवय आपल्याहून जुनी व पक्की आहे. तिसरी सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. एक कोरी वही आणावी आणि ह्या म्हाताऱ्या बायांना जे ठाऊक आहे ते तीत लिहावे. मोहाची फुले वाळवण्याची रीत, आजारात द्यावयाचा काढा, रोवणीची गाणी, सणाचे खाणे, माहेरच्या तळ्याचे नाव, सांगेल ते लिहावे आणि सांगणारीचे नावही लिहावे. एकेक म्हातारी जाते तेव्हा तिच्याबरोबर एकेक न छापलेले पुस्तक जाते.

वर ज्यांच्या कहाण्या सांगितल्या त्यांनी आयुष्याची नवी सुरुवात करण्यासाठी घर सोडले, नोकरी सोडली, परदेश सोडला. आपल्यापैकी बहुतेकींस काही सोडून कोठे जावयाचे नाही. रान आपल्या दाराशी आहे, ऐकण्याची सवय आपल्या अंगी आहे आणि सांगणाऱ्या आपल्या घरात आहेत. आपल्या मंडळातील लेकीसुनांना पुस्तकाची गोडी लागो, त्यांच्या हातून आपल्या मुलखाची एखादी वही भरो, आणि पुढील वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत त्या वहीतील चार पाने छापण्याचा योग येवो, एवढी सदिच्छा व्यक्त करून हा लेख पुरा करते.